चुकलं कोण? कंपायलरची पडताळणी यंत्रागणिक कशी होते

सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम घेऊ. फाइल उघडायची, एकेक बाइट वाचायचा, फाइल संपली की थांबायचं. वाचणारं फंक्शन फाइल संपल्याची खूण म्हणून उणे एक ही संख्या परत देतं. लिहिणाऱ्याने वाचलेली किंमत ठेवायला 'कॅर' प्रकारचं व्हेरिएबल घेतलं, कारण अक्षरं ठेवायची तर कॅर, असं त्याला साहजिकच वाटलं. इंटेलच्या प्रोसेसरवर हा प्रोग्राम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. तोच रास्पबेरी पायवर नेऊन, तिथल्या लिनक्सवर कंपाइल करून चालवला, की तो फाइलच्या शेवटापाशी पोचतो आणि थांबायचं नावच घेत नाही.

कारण असं, की कॅर या प्रकारात ऋण संख्या बसतात की नाही, हे सी भाषेच्या मानकाने ठरवलेलंच नाही. तो निर्णय कंपायलर बनवणाऱ्यावर सोपवलेला आहे. इंटेलवर कॅरचा पल्ला उणे १२८ ते १२७ असतो, एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये ० ते २५५. तिथे उणे एक ठेवायला गेलं की त्याचे २५५ होतात. मग प्रोग्राम विचारतो, 'ही किंमत उणे एक आहे का?' उत्तर येतं 'नाही', आणि फेरा पुढे चालू राहतो.

इथे दोन्ही कंपायलर बरोबर आहेत, प्रोग्राम चुकलेला आहे. इतकंच नव्हे, तो इंटेलवरही चुकलेलाच होता: फाइलमध्ये खरोखरचा २५५ हा बाइट आला असता, तर तिथे तो प्रोग्राम फाइल अर्धवट सोडून थांबला असता. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या मजकुरात, मग तो मराठी असो की इंग्रजी, हा बाइट कधीच येत नाही. त्यामुळे साध्या मजकुराच्या फाइलींवर ही चूक कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता.

एकाच प्रोग्रामची दोन यंत्रांवर दोन उत्तरं आली, की संशय तिघांवर असतो. प्रोग्राम चुकला असेल. कंपायलर चुकला असेल. किंवा भाषेनेच ती जागा मोकळी सोडली असेल आणि दोन्ही उत्तरं चालण्याजोगी असतील. यातलं नेमकं कोणतं, हे यंत्राकडे कितीही वेळ बघत बसलं तरी कळत नाही. त्यासाठी सगळ्या यंत्रांच्या बाहेर असलेला एक लेखी मजकूर लागतो, म्हणजे भाषेचं मानक. कंपायलरची पडताळणी म्हणजे त्या मजकुराशी कंपायलरचं वागणं ताडून बघणं, आणि तेही प्रत्येक यंत्रावर नव्याने. 'प्रत्येक यंत्रावर नव्याने' हा भाग पुष्कळदा गृहीत धरला जातो. खरी मेख तिथेच आहे.

कंपायलर कोणत्याही यंत्राचा असो, त्याचं काम ढोबळमानाने तीन भागांत होतं. पुढचा भाग माणसाने लिहिलेला प्रोग्राम वाचतो आणि व्याकरणात बसतो का ते बघतो. मधला भाग, ज्याला ऑप्टिमायझर म्हणतात, तो अनावश्यक कामं काढून टाकतो. मागचा भाग त्या विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञा तयार करतो. जीसीसीसारख्या कंपायलरमध्ये पहिले दोन भाग बहुतांशी सगळ्या प्रोसेसरांना सामाईक असतात आणि मागचा भाग त्या त्या प्रोसेसरच्या वर्णनाच्या फाइलींवरून घडवला जातो. म्हणजे इंटेलसाठीचा जीसीसी आणि एआरएमसाठीचा जीसीसी एकाच मूळ कोडमधून निघत असले, तरी चालणारे प्रोग्राम म्हणून ते दोन वेगळे कंपायलर आहेत. ही वर्णनं वाचायला आणि लिहायला शिकणं कष्टाचं असतं. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने त्यासाठी कार्यशाळा घेतल्या, ही आपल्याकडे व्हायला हवी तितकी माहीत नसलेली गोष्ट आहे.

सरकारी पातळीवर कंपायलर तपासण्याची सुरुवात कोबोल या भाषेपासून झाली. ग्रेस हॉपर १९६७ नंतर अमेरिकी नौदलात प्रोग्रामिंग भाषांचं काम बघत होत्या. कोबोलचे कंपायलर मानकाप्रमाणे वागतात का, हे तपासणारे प्रोग्राम त्यांच्या गटाने तयार केले. पण पडताळणीचं सगळ्यात काटेकोर, तपशिलाने लिहून ठेवलेलं उदाहरण बघायचं असेल तर एडा या भाषेकडे जावं लागतं. या लेखात मी तिच्याकडे जास्त वेळ थांबणार आहे, कारण आज आपण कंपायलर तपासताना जे करतो त्यातलं बरंचसं तिथे पूर्ण विचारांती मांडलेलं सापडतं.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात शेकडो प्रोग्रामिंग भाषा आणि त्यांच्या पोटभाषा वापरात होत्या. विमानात एक, पाणबुडीत दुसरी, रडारवर तिसरी. १९७५ मध्ये खात्याने एकच भाषा ठरवण्यासाठी गट नेमला. गरजांचे मसुदे निघाले, चार चमूंमध्ये स्पर्धा झाली आणि फ्रान्समधल्या झ्याँ इश्बिया यांच्या चमूची भाषा निवडली गेली. पहिली प्रोग्रामर मानल्या जाणाऱ्या एडा लव्हलेस यांचं नाव तिला दिलं. त्यांचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा. भाषेच्या लष्करी मानकाला क्रमांक मिळाला १८१५, आणि त्याला मान्यता मिळाली ती १० डिसेंबर १९८० या दिवशी. सुधारित मानक १९८३ मध्ये आलं.

पण नुसतं मानक छापून भागणार नव्हतं. प्रत्येक विक्रेता आपल्या यंत्राला सोयीची एडा बनवील, चार गोष्टी गाळील, चार नव्या घालील आणि दहा वर्षांत पुन्हा शेकडो पोटभाषा होतील, ही भीती होती. म्हणून अट घातली: भाषेतलं काही कमी करायचं नाही आणि वर काही वाढवायचंही नाही. ही अट पाळली जाते का, हे बघायला चाचण्यांचा एक संच तयार झाला, एसीव्हीसी. त्यामागे जॉन गुडइनफ यांनी तयार केलेली एक मार्गदर्शिका होती. मानकाचा एकेक परिच्छेद घ्यायचा, कंपायलर लिहिणारा इथे काय विसरेल, कुठे घसरेल याचा अंदाज बांधायचा आणि त्या त्या जागी चाचणी लिहायची, अशी तिची पद्धत. मला हे काम फार मोलाचं वाटतं. मानक सांगतं की काय झालं पाहिजे. तिथे चूक नेमकी कशी होईल, हे मात्र अनुभवी माणसालाच सुचतं.

प्रत्येक चाचणीच्या नावातच तिचा पत्ता असतो. उदाहरणार्थ, सी-४५२३१-ए. पहिलं अक्षर चाचणीचा वर्ग सांगतं. पुढचे ४, ५ आणि २ म्हणजे मानकाचा चौथा अध्याय, पाचवा भाग, दुसरा उपभाग. तिथे लहान-मोठेपणा तपासणाऱ्या चिन्हांचे नियम आहेत. ३१ हा त्या उपभागातल्या तपासणीच्या मुद्द्याचा क्रमांक, आणि शेवटचा ए म्हणजे त्या मुद्द्यावरची पहिली चाचणी. ही चाचणी नेहमीच्या पूर्णांकांवर तुलना बरोबर होते का ते बघते. तिची बहीण सी-४५२३१-बी हेच काम लहान पूर्णांकांवर करते. पण लहान पूर्णांकाचा वेगळा प्रकार प्रत्येक यंत्रावर असतोच असं नाही आणि मानकाने तो सक्तीचा केलेला नाही. जिथे तो नाही तिथे ही चाचणी 'लागू नाही' म्हणून नोंदवली जाते. उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांच्या जोडीला 'लागू नाही' हा तिसरा निकाल ठेवणं, हा वेगवेगळ्या यंत्रांवरच्या पडताळणीचा कणा आहे. तो नसता तर एक तर प्रत्येक यंत्रासाठी वेगळा संच करावा लागला असता, नाही तर लहान यंत्रांवरचे कंपायलर विनाकारण नापास झाले असते.

वर्ग सहा होते. सी वर्गाच्या चाचण्या चालवायच्या. त्या स्वतःच स्वतःचा निकाल छापतात. ए वर्गाचे प्रोग्राम विनातक्रार कंपाइल झाले म्हणजे पुरे. एल वर्गात चूक अशी पेरलेली असते, की वेगवेगळे तुकडे जोडून प्रोग्राम पुरा करताना ती पकडली गेली पाहिजे. डी आणि ई हे क्षमता आणि काही खास बाबींसाठीचे छोटे वर्ग. मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो बी वर्ग, कारण तिथे कंपायलरने प्रोग्राम नाकारणं हेच यश आहे.

बी वर्गाच्या फाइलीत मुद्दाम चुकीच्या ओळी असतात आणि अशा प्रत्येक ओळीशेजारी 'एरर' अशी टिप्पणी असते. कंपायलर टिप्पण्या वाचत नाही. त्याने आपल्या बुद्धीने त्या सगळ्या ओळी पकडायच्या आणि बरोबर ओळींना हात लावायचा नाही. मग कंपायलरचा अहवाल फाइलीशेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडली जाते. यात एक व्यावहारिक अडचण येते. पहिल्या चुकीने कंपायलर इतका गोंधळतो, की पुढच्या दोन-तीन चुका त्याला दिसतच नाहीत. याला भाषेचं उल्लंघन म्हणता येत नाही. अशा वेळी ती चाचणी तोडून तिचे तुकडे करतात, दर तुकड्यात एखादीच चूक ठेवतात आणि पुन्हा चालवतात. एखादा कंपायलर काय काय स्वीकारतो एवढंच तपासणारे लोक निम्मंच काम करतात. जो कंपायलर चुकीचा प्रोग्रामही गोड मानून घेतो, तो वापरणाऱ्याला बेसावध ठेवतो, आणि तो प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेल्यावर ती चूक बाहेर येते.

सी वर्गाच्या चाचण्यांत एक डोकेबाज युक्ती आहे, ती जवळून बघू. समजा चाचणी अशी आहे: पाच आणि सात यांची तुलना कर, पाच लहान निघाले नाहीत तर 'अनुत्तीर्ण' छाप. हा प्रोग्राम कंपायलरला दिला तर काय होईल? ऑप्टिमायझर म्हणेल, पाच सातापेक्षा लहान आहेत हे मला आत्ताच माहीत आहे, प्रोसेसरला कशाला त्रास द्यायचा? तो तुलनाच काढून टाकेल. चाचणी उत्तीर्ण होईल, पण प्रोसेसरची तुलनेची आज्ञा बरोबर तयार होते का, हे तपासलंच जाणार नाही. म्हणून चाचण्यांच्या सामाईक मदतगठ्ठ्यात, 'रिपोर्ट' नावाच्या पॅकेजमध्ये, 'आयडेंट इंट' नावाचं फंक्शन ठेवलेलं आहे. त्याला पाच द्या, ते पाचच परत देतं. सात द्या, सातच. बस्स, दुसरं काही करत नाही. पण त्याचा आतला भाग वेगळा कंपाइल होतो आणि आत मुद्दाम आडवळणाने लिहिलेला आहे. चाचणी कंपाइल करताना कंपायलरला त्यातून काय बाहेर येईल हे आधी ओळखता येत नाही. मग चाचणीत नुसते पाच न लिहिता आयडेंट इंटमधून आलेले पाच वापरायचे, म्हणजे तुलना खरोखर प्रोसेसरवरच करावी लागते. हल्लीचे ऑप्टिमायझर एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत डोकावू लागले आहेत, त्यामुळे अशा युक्त्यांची ताकद पुन्हा पुन्हा पारखून घ्यावी लागते.

यंत्रायंत्रांतला फरक सामावून घेण्याची दुसरी सोयही बघण्यासारखी आहे. काही चाचण्यांच्या फाइलीत ठरावीक जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. या यंत्रावरचा सगळ्यात मोठा पूर्णांक कोणता? एका ओळीत जास्तीत जास्त किती अक्षरं चालतात? विक्रेत्याने आपल्या यंत्राची उत्तरं भरायची आणि त्यावरून खऱ्या चाचण्या तयार व्हायच्या. त्यात एक मजेदार चाचणी आहे. ओळीत मावेल तितकं लांबलचक नाव घ्यायचं, तसंच दुसरं घ्यायचं आणि दोघांत फक्त शेवटचं अक्षर वेगळं ठेवायचं. कंपायलरने या दोन नावांना दोन वेगळ्या वस्तू मानलं पाहिजे. आतल्या आत पहिली ३२ अक्षरंच लक्षात ठेवणारा कंपायलर इथे लगेच सापडतो. ओळीची लांबी दर ठिकाणी वेगळी असली, तरी प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारला जातो.

या पद्धतीने प्रमाणित झालेला पहिला एडा अनुवादक न्यूयॉर्क विद्यापीठाचा होता. नाव एडा-एड, तारीख ११ एप्रिल १९८३. तो सेटल या उच्चस्तरीय भाषेत लिहिलेला होता आणि भलताच संथ चालायचा. प्रत्यक्ष कामाला तो उपयोगाचा नव्हता. भाषेचा अर्थ नेमका काय, हे चालवून दाखवणं हा त्याचा हेतू. चाचण्यांत तो उतरला, यावरून पडताळणीची मर्यादाही दिसते. वेग, मेमरीचा खर्च, संदेशांचा सोपेपणा यांतलं काहीच ती मोजत नाही. मानकाशी मेळ आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. त्यावर फक्त कंपायलरचं नाव आणि आवृत्ती नसे. कंपायलर स्वतः कोणत्या संगणकावर आणि कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, म्हणजे होस्ट. आणि तो ज्याच्यासाठी कोड तयार करतो तो संगणक, म्हणजे टार्गेट. हे दोन्ही लिहिलेलं असे. दोन्ही वेगळे असू शकत, आणि लष्करी कामात बहुधा असतच. कंपायलर चालायचा व्हॅक्स संगणकावर आणि कोड तयार व्हायचा विमानात बसवायच्या १७५०ए जातीच्या १६ बिटांच्या प्रोसेसरसाठी. अशा वेळी चाचणी व्हॅक्सवर कंपाइल करायची, तयार झालेला कोड टार्गेटच्या बोर्डावर उतरवायचा, तिथे चालवायचा आणि निकालाची ओळ पुन्हा होस्टकडे आणायची. टार्गेटवर फाइल ठेवायची सोयच नसेल तर फाइलींविषयीच्या चाचण्यांचा मोठा गठ्ठा 'लागू नाही'मध्ये जायचा. मात्र तिथेही, फाइल उघडायचा प्रयत्न केल्यावर भाषेने नेमून दिलेली तक्रार व्यवस्थित उठते का, हे बघितलं जायचं. वैधमापन खात्याचा निरीक्षक दुकानातल्या काट्यावर शिक्का मारतो, तो त्या एका काट्यापुरता असतो. त्याच कंपनीचा शेजारच्या दुकानातला काटा त्या शिक्क्यावर चालत नाही आणि मुदत संपली की काटा पुन्हा दाखवावा लागतो. एडाचं प्रमाणपत्र बरंचसं याच जातीचं होतं: होस्ट-टार्गेटच्या जोडीपुरतं आणि मुदतीचं.

प्रक्रियाही सोपी नव्हती. विक्रेता आधी स्वतः सगळ्या चाचण्या चालवून निकाल तपासणी केंद्राकडे पाठवायचा. एखादी चाचणीच चुकीची आहे असं त्याला वाटलं तर तसं लेखी मांडायचा. त्यात तथ्य निघालं तर ती चाचणी सगळ्यांसाठीच मागे घेतली जायची. त्यानंतर केंद्राचे लोक समोर बसून चाचण्या करून घ्यायचे आणि मग अहवाल निघायचा. संच १.११ या आवृत्तीपर्यंत ४ हजारांहून जास्त चाचण्यांचा झाला होता. मागे घेतलेल्या चाचण्यांची यादी प्रत्येक अहवालात उघडपणे छापलेली असे. तपासणाऱ्याच्या मापातही खोट असू शकते आणि ती दुरुस्त करायची रीत आधीच ठरलेली असली पाहिजे, ही समज मला त्या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत प्रौढ गोष्ट वाटते. एडाच्या सक्तीचे दिवस १९९७ मध्ये संपले, पण चाचण्या संपल्या नाहीत. आज तो संच एसीएटीएस नावाने सांभाळला जातो आणि तपासणीच्या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानक १९९९ पासून आहे.

मात्र त्याच अहवालांत हेही बजावलेलं असे, की उत्तीर्ण होणं म्हणजे कंपायलर निर्दोष असल्याची हमी नव्हे. चाचणी लिहिणाऱ्याला जी चूक सुचली तीच चाचणीत येते. शिवाय संच सगळ्यांना आधीच मिळतो, त्यामुळे विक्रेता त्यातल्या चुका हुडकून दुरुस्त करतो. संचाबाहेर राहिलेल्या चुकांचं काय?

जीसीसीसारखे कंपायलर अशा चुका पकडायची एक वाट स्वतःच्याच अंगावर प्रयोग करून काढतात. यंत्रावर आधीपासून असलेल्या कुठल्याही कंपायलरने जीसीसी कंपाइल करायचा. हा पहिला टप्पा. त्या नव्या जीसीसीने जीसीसीचाच मूळ कोड पुन्हा कंपाइल करायचा, हा दुसरा. दुसऱ्या टप्प्यातल्या जीसीसीने परत तोच कोड, हा तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या फाइली बाइटनबाइट सारख्या आल्या पाहिजेत. फरक आला तर कंपायलरने स्वतःचंच भाषांतर करताना कुठेतरी घोळ घातला. लाखो ओळींचा प्रोग्राम चाचणी म्हणून फुकट मिळतो, त्यामुळे ही पद्धत जबरदस्त उपयोगी आहे. पण टार्गेट हा छोटा बोर्ड असेल आणि त्यावर जीसीसी स्वतः चालूच शकत नसेल, तर तिचा उपयोग नाही. तिथे खरा बोर्ड जोडायचा, नाही तर क्यूईएमयूसारख्या नकली प्रोसेसरवर चाचण्या चालवायच्या. नकली प्रोसेसरही शेवटी कुणीतरी लिहिलेला प्रोग्रामच असल्याने संशयितांत आणखी एकाची भर पडते.

दुसरी वाट आहे कंपायलरांना एकमेकांसमोर उभं करण्याची. डीईसी कंपनीतले विल्यम मॅकीमन यांनी १९९८ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. संगणकाकडून आपोआप प्रोग्राम लिहून घ्यायचा, तो अनेक कंपायलरांना द्यायचा आणि उत्तरं जुळतात का बघायची. अपेक्षित उत्तर आधी माहीत असायची गरज नाही. चार जण एक सांगतात आणि एक वेगळं सांगतो, तर त्या एकाकडे बघा.

यूटा विद्यापीठातल्या शुएजुन यांग, यांग चेन, एरिक आइड आणि जॉन रेगर यांनी ही वाट पार टोकाला नेली. त्यांच्या सीस्मिथ या साधनाविषयीचा शोधनिबंध २०११ मध्ये आला. सीस्मिथ सी भाषेतले वेडेवाकडे पण कायदेशीर प्रोग्राम तयार करतं, आणि प्रत्येक प्रोग्राम शेवटी आपल्या सगळ्या ग्लोबल व्हेरिएबलांचा मिळून एक आकडा छापतो. कंपायलर बदला, ऑप्टिमायझेशनची पातळी बदला, तो आकडा तोच आला पाहिजे. वाचायला सोपं वाटतं, पण 'कायदेशीर' या शब्दात सगळी मेहनत आहे. सीच्या १९९९ च्या मानकात १९१ प्रकारची वागणूक अशी आहे, की तिथे कंपायलरने काहीही केलं तरी चालतं, आणि आणखी ५२ ठिकाणी त्याला पर्याय दिलेले आहेत. यातलं एक जरी तयार झालेल्या प्रोग्राममध्ये शिरलं, तर उत्तरांतला फरक काहीच सिद्ध करत नाही. सुरुवातीच्या कॅरच्या उदाहरणात तेच झालं होतं. म्हणून सीस्मिथ प्रत्येक धोक्याच्या क्रियेभोवती संरक्षण घालतं: भागाकार असेल तर भाजक शून्य नाही ना, बेरीज असेल तर ती पल्ल्याबाहेर जात नाही ना.

तीन वर्षांत त्यांनी ३२५ हून अधिक आधी माहीत नसलेल्या चुका कळवल्या. त्यांनी तपासलेला प्रत्येक कंपायलर कुठे ना कुठे कोसळला आणि प्रत्येकाने कुठे ना कुठे, तक्रार न करता, चुकीचा कोड तयार केला. दुसरा प्रकार जास्त भयंकर आहे, कारण प्रोग्राम लिहिणारा आठवडाभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो आणि चूक तिथे नसतेच. चूक सापडली तरी काम संपत नाही. सीस्मिथचा प्रोग्राम हजारो ओळींचा असतो आणि तो तसाच पाठवला तर कंपायलरवाले हात लावणार नाहीत. म्हणून ओळी, कंस, व्हेरिएबलं एकेक करून काढत जायचं आणि दर वेळी बघायचं, की चूक अजून दिसते का. सी-रिड्यूस हे साधन हे काम आपोआप करून कधी कधी पाच-दहा ओळींवर आणून ठेवतं. त्या दहा ओळी हाती आल्यावरच, चूक सामाईक ऑप्टिमायझरची की एखाद्या प्रोसेसरच्या मागच्या भागाची, हे नीट ठरवता येतं. त्यासाठी तोच तुकडा दुसऱ्या टार्गेटसाठी कंपाइल करून बघतात. तिथेही चुकला तर बोट बहुधा मधल्या भागाकडे; एकाच टार्गेटवर चुकला तर मागच्या भागाकडे.

याच तपासणीत कॉम्पसर्ट हा एक वेगळा कंपायलर होता. फ्रान्समध्ये झाविए लरॉय यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या कंपायलरच्या मुख्य भागाची अचूकता गणिती सिद्धतेने, संगणकाकडून तपासून घेतलेली आहे. 'प्रोग्रामचा जो अर्थ, तोच तयार झालेल्या कोडचा अर्थ' असं प्रमेय आणि त्याची पायरी पायरीने सिद्धता. यूटाच्या चमूने त्यावर प्रोसेसरची सुमारे सहा वर्षं खर्ची घातली. सिद्ध केलेल्या मधल्या भागात चुकीचा कोड तयार करणारी एकही चूक त्यांना सापडली नाही. कुठल्याही दुसऱ्या कंपायलरच्या बाबतीत असं झालं नव्हतं.

तरीही दोन ठिकाणी त्यांना काहीतरी मिळालंच. एक, सिद्धतेच्या बाहेर राहिलेल्या पुढच्या भागात. दुसरं, यंत्राच्या सीमेवर, आणि ते बारकाईने बघण्यासारखं आहे. पॉवरपीसी प्रोसेसरसाठी कॉम्पसर्टने एक आज्ञा तयार केली: स्टॅक ४४,४३२ बाइटांनी खाली सरकव. या आज्ञेत संख्येसाठी १६ बिटांची जागा असते. १६ बिटांत उणे ३२,७६८ च्या पलीकडची ऋण संख्या मावत नाही. म्हणजे पॉवरपीसीवर अशी आज्ञा असूच शकत नाही. मग सिद्धता चुकली का? नाही. सिद्धता प्रोसेसरच्या ज्या वर्णनावर उभी होती, त्या वर्णनात ही मर्यादा लिहिलेलीच नव्हती. न मावणारी संख्या आली तर पुढचा टप्पा, म्हणजे असेंब्लर, ती पकडेल असं गृहीत होतं, आणि खरोखरच असेंब्लरने ती पकडली. सीच्या अर्थापासून निघालेलं प्रमेय सगळ्या पायऱ्या बरोबर उतरून आलं आणि यंत्राचं वर्णन जिथे अपुरं होतं नेमकं तिथे अडकलं.

आज नवे प्रोसेसर पूर्वीपेक्षा झपाट्याने येत आहेत. रिस्क-पाच ही आज्ञावली कुणालाही वापरायला मोकळी आहे. मद्रास आयआयटीचा शक्ती प्रोसेसर तिच्यावरच बांधलेला आहे. प्रत्येक नव्या प्रोसेसरबरोबर कंपायलरचा मागचा भाग नव्याने लिहिला किंवा वाढवला जातो. प्रोसेसरच्या वर्णनातल्या अशाच मर्यादा, की या आज्ञेत किती बिटांची संख्या मावते, कॅरला ऋण संख्या चालतात का, पत्ता चारच्या पटीत लागतो का, पुन्हा एकदा कुणीतरी हाताने भरत असतं. त्या भरणाऱ्याच्या टेबलावर नियमपुस्तिकेचं ते पान उघडं असायला हवं, आणि त्या पानावरच्या प्रत्येक मर्यादेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन चाचण्या त्याच दिवशी संचात जायला हव्यात: उणे ३२,७६८ साठी एक, उणे ३२,७६९ साठी दुसरी.